दुसरी खाट

विद्यापीठाच्या शहरात प्रवेशाच्या दिवसांत परवडणारी खोली शोधायची म्हणजे नुसत्या चपला झिजवायच्या. कुठे खिडकी नाही, कुठे नळाला पाणी नाही, आणि जिथे दोन्ही आहे तिथलं भाडं ऐकून आपल्या बापाचा चेहरा डोळ्यांसमोर उभा राहतो. शहाणीने हे सगळं गेल्या वर्षी भोगलं होतं. शहाणी हे तिचं घरचं नाव, अर्थातच टोमणा म्हणून पडलेलं. गेल्या वर्षी एका खोलीत पाच जणी, सदा गोंगाट. व्हायचं तेच झालं, बाई नापास झाली. "यंदा पास झालीस तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून घरी ये," वडिलांनी बजावलं होतं.

ही खोली तिने शोधलीच नव्हती मुळी. शोधली होती चिमणीने. चिमणी म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, अखंड चिवचिवाट. यंदा तिलाही इथल्या विद्यापीठात जागा मिळाली होती, फक्त मुदतीत येऊन प्रवेश घ्यायचा होता. घरबसल्या कुणाकुणाला फोन करकरून तिने पत्ता मिळवला आणि म्हणाली, "तू तिथेच आहेस, तर बघून ये. तुला पसंत ती मला पसंत. राहायची सोय झाली तरच बाबा पाठवणार आहेत गं, नाहीतर बसा घरी."

खोली वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण मावशींचं शिलाई मशीन. दोन खाटा, मधे टेबल, खिडकीतून भरपूर उजेड, आणि भाडं इतकं कमी की शहाणीने दोनदा विचारून घेतलं.

"फक्त एक अट," तोंडातल्या टाचण्या काढत मावशी म्हणाल्या. "दोघी असाल तरच. एकट्या पोरीला मी खोली देत नाही."

शहाणीने त्या शांत खोलीकडे पाहिलं. मग चिमणीची बडबड आठवली, आणि तिच्या मनात पाप आलं.

"दोघीच आहोत," ती म्हणाली. "पण मैत्रीण सकाळी लवकर जाते, उशिरा येते. तुम्हाला दिसायचीसुद्धा नाही."

आणि चिमणीला फोनवर सांगितलं, "गेली गं खोली. आपल्या आधी कुणीतरी घेतली."

चिमणी कधी नव्हे ती गप्प झाली. "बरं," एवढंच म्हणाली.

चार दिवस जाऊ देत, मग खरं काय ते सांगू, असं शहाणीने ठरवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता प्रवेशाची मुदत टळली. आता कुठल्या तोंडाने सांगणार? अभ्यास मात्र झकास होत होता, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची.

एके सकाळी मावशींनी तिला जिन्यात गाठलं. "तुझी मैत्रीण गोड आहे हं. तुझ्यासारखी घुमी नाही. काल बसून बटणं लावून दिली मला. तोंडाचा पट्टा चालूच, पण हात काय चालतो!"

शेजारची कुणी पोरगी असेल, म्हाताऱ्या माणसाची गल्लत झाली असेल, अशी शहाणीने स्वतःची समजूत घातली. थाप पचली म्हणून तिला हायसंसुद्धा वाटलं.

मग दोरीवर दुसरा टॉवेल दिसला, ओला. कंगव्यात लांब केस निघाले. शहाणीचे तर मानेपर्यंतच होते. ती रोज दुसऱ्या खाटेवरची चादर ताणून बसवायची, कुलूप लावून तासाला जायची, आणि परत आली की चादर चुरगळलेली असायची. उशीत डोकं टेकल्याचा खळगा. किल्ली तर तिच्याच पर्समध्ये.

एका दुपारी तिने त्या खळग्याला हात लावला. उबदार होता.

तिने तिथेच उभ्या उभ्या चिमणीला फोन लावला. उचलला तिच्या आईने.

"झोपलीये गं ती," काकू म्हणाल्या. "ॲडमिशन हुकली तेव्हापासून हेच. उठवली की उठते, दोन घास खाते, पुन्हा आडवी. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. आणि बोलत नाही गं! आमची चिमणी, आणि बोलत नाही! बोटांना टोचल्याच्या खुणा असतात. मी घरात सुईसुद्धा काढलेली नाही."

शहाणीने सगळं ओकून टाकलं. "काकू, खोली गेली नव्हती. मी खोटं बोलले. मला एकटीला हवी होती. मी सोडते खोली, पुढच्या वर्षी तिला येऊ द्या इथे. तिला उठवा, मला तिची माफी मागायचीये."

काकू चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "तूच सांग तिला."

फोनमधून ऐकू येत होतं. "ऊठ बाळा. मैत्रिणीचा फोन आहे. ऊठ ना."

इकडे शहाणीच्या खोलीत लख्ख ऊन होतं.

"ऊठ गं!" काकूंचा आवाज चिरकला. "अहो, इकडे या बघू. ही उठत का नाहीये?"

समोरच्या रिकाम्या खाटेवरची उशी हळूच आणखी खोल दबली.

"हलवा तिला!" शहाणी फोनमध्ये ओरडली. "काकू, हलवा!"

दार ढकलून मावशी आत डोकावल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गं," त्या कुजबुजल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."