तीन महिन्यांची भूमिका

"कर सही, आणि जा एकदाची!"

धाकटीने सिनेमाचा करार रंगपटातल्या आरशापुढे आपटला आणि ताईच्या हातातली काजळाची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

जिचा चेहरा सिनेमाने घराघरांत पोचवला, ती बाई सहा वर्षं एका संगीत नाटकापायी गावोगाव का फिरते, हे कोडं भल्याभल्यांना सुटलं नव्हतं. टाळ्यांची चटक, दुसरं काय, असं म्हणून लोक मोकळे होत. खरं कारण मात्र विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला बसत असे... तिची सख्खी बहीण! भूमिका धाकटीची, गाणीही तिच्याच गळ्यासाठी बांधलेली. धाकटीच्या घशाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा "तीन महिने सांभाळते, मग तुझं तू घे," म्हणत ताई उभी राहिली. तो आवाज कधीच परतणार नाही, हे डॉक्टरांनी एकट्या ताईला सांगितलं होतं आणि तिने ते पोटात ठेवलं. रोज सकाळी लॉजच्या शेजारच्या खोलीतून त्या फाटक्या गळ्याचा रियाज ऐकू येई, आणि ताई व्याकूळ होऊन उशीत तोंड खुपसून रडे. आपण सोडलं तर भूमिका परक्या हाती जाईल, पोरीची आशाच मरेल... या धास्तीने तिने कितीतरी सिनेमे गुपचूप नाकारले. धाकटी मात्र कामापुरतंच बोलायची.

"तू बरी झालीस की जाईन," ताई नेहमीचंच म्हणाली.

"मी बरी होणार नाही, ताई." धाकटी घोगऱ्या स्वरात म्हणाली. "दुसऱ्याच वर्षी मी वेगळ्या डॉक्टरांना दाखवून आले."

"अगं, मग रोजचा रियाज?"

"तुला ऐकू यावा म्हणून! भावोजी गेले, तुझं घर रिकामं... मी आशा सोडली असती तर तू त्या चार भिंतींत परतली असतीस. तुला अजून सिनेमे चालून येतात हे मला कुठे ठाऊक होतं? आज हा कागद हाती लागला, तेव्हा कळलं."

"आणि माझ्याशी बोलत का नव्हतीस गं?"

"बोलले असते तर तोंडून सगळं निघून गेलं असतं!"

बाहेर दुसरी घंटा झाली. ताईने धाकटीला छातीशी ओढलं. चेहऱ्यावरचा रंग तिच्या खांद्याला लागला, त्याचं दोघींनाही भान नव्हतं. सहा वर्षं! एकमेकींसाठी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकट्या...

ताईने करार न वाचताच बाजूला सारला.

"मॅनेजरना सांग," डोळे पुसत ती म्हणाली, "पुढच्या गावापासून आपल्याला एकच खोली पुरे."