न विचारता टाकलेला युरिया

सकाळची पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. रोजचंच. त्या दिवशी तुळशीला पाणी घालायला मागच्या दारी आले, तर माझ्या वांग्यांच्या वाफ्यात एक परका माणूस ओणवा… हातात पांढऱ्या दाण्यांची पिशवी.

"मी चिंतामणी. शेजारी राहायला आलोय, शेतकी कॉलेजात शिकवतो. बापूंनी रोपं बघायला बोलावलं. पिवळी पडलीत. युरिया देऊ थोडा?"

हातात कलश, तोंडाला मौन. मी नुसती बघत राहिले.

"म्हणजे चालेल," असं म्हणून त्याने टाकलासुद्धा!

आरती कशी म्हटली ते खंडोबालाच ठाऊक. मग वाफ्यापाशी गेले. राग आला की माझा आवाज आणखीच खाली जातो.

"कोणाला विचारून टाकला?"

"तुमच्या वडिलांना. तुम्हालाही विचारलं, तुम्ही गप्प होतात."

"मौन होतं माझं. चातुर्मासात आम्ही वांगं खात नाही. चंपाषष्ठीला पहिलं भरीत देवाला, मग आम्हाला. म्हणून पूजेच्या गाईचं ताजं शेण घातलं मी. अन् तुम्ही त्यावर कारखान्याचं खत काहून ओतून राहिले?"

"ताज्या शेणानेच घात केला. कच्चं शेण, काडीकचरा मातीत कुजताना रोपांच्या वाट्याचं नत्र खातं. कुजलेलं शेणखत सावकाश पोसतं, युरिया लगेच. अर्धं हे, अर्धं ते दिलं, तर…"

"अच्छा. म्हणजे माझ्या गाईची चूक?"

"गाईची नाही. घाईची."

वर त्याचे डोळे इतके शांत… अंगाचा तिळपापड झाला.

"ती कडेची, युरिया न पडलेली ओळ माझी. तिला त्या पिशवीतला दाणा लागला, तर बघा."

त्याने ऐकलं. मझौली गावाहून कुजलेलं शेणखत आणून त्या ओळीला स्वतः घातलं. पुढे रोज सकाळी कुंपणापलीकडे थांबायचा. माझी घंटा वाजली की मगच हाक, "प्रणालीजी, आज पाणी देऊ?" मी उत्तर द्यायचे… जरा उशिराच.

कार्तिक सरला. माझ्या ओळीत लहानशी, मोजकी वांगी. त्याच्या मिश्र खताच्या ओळीत जांभळी, तकतकीत, फांदी वाकेल इतकी. याचाही राग आलाच. चंपाषष्ठीच्या सकाळी, पूजेनंतर, दोन्हीकडची खुडत होते. निवड देवाने करावी.

तेवढ्यात बापू आले. "चिंतामणीने तुला मागणी घातली गं. मी हो म्हटलं."

टोपली घेऊन मी तशीच कुंपणापाशी गेले.

"पुन्हा बापूंनाच विचारलं?"

तो गोरामोरा झाला. "आधी मोठ्यांना विचारायची रीत…"

"संसार मला करायचा आहे. ती मागणी मागे घ्या."

"घेतली." मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

"करीन. बापूंना जाऊन सांगा, हो मी म्हटलंय."

तो सांगून आला. मी वांगी निखाऱ्यावर ठेवली आणि त्याला कांदे सोलायला बसवलं. राग अजून गेला नव्हता.