डी. पोन्नीचं अक्षर

रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर-बाजारात दुकानदाराला ‘अण्णा’, म्हणजे दादा, म्हटल्याशिवाय साधी वायरसुद्धा मिळत नाही. मी तोंड उघडलं... आणि काउंटरमागच्या तरुणानं वर पाहिलं. ‘अण्णा’ घशातच राहिलं. भाऊ मला दोन आहेत. तिसऱ्याची निकड नव्हती.

“नवी हार्ड डिस्क... कॉम्प्युटरला दिसतच नाही.”

मी लग्नाचे अल्बम जुळवते. लोकांच्या लग्नांनी माझी जुनी डिस्क भरली होती.

कदिरनं – नाव खिशावर शिवलेलं होतं – डिस्क जोडली. पडद्यावर लांबलचक काळी पट्टी आली.

“आहे की, मॅडम. जागा भरपूर आहे. फक्त कुणाच्या नावावर नाही.”

“घरी माझ्याबद्दल हेच बोलतात.”

तो हसला नाही. उगाच कानाची पाळी चोळत बसला. मग त्यानं पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं. “आता एक अक्षर द्यायचं. आपल्या इनिशियलसारखं. ते नसलं की डिस्क असून नसल्यासारखी.”

डिस्कला ‘डी’ मिळालं. माझंही तेच. डी म्हणजे दंडपाणी, माझे अप्पा; आमच्यात आडनाव नसतं, नावाआधी वडिलांचं अक्षर लागतं.

घरी बघते तर चार टीबीतले दोनच हाती लागले होते. उरलेली पट्टी काळीच. मी तक्रार करायला गेले, म्हणजे जवळजवळ धावत गेले.

“जुन्या पद्धतीनं मांडली गेली,” तो डिस्ककडे बघत म्हणाला. “तिला दोनच्या पुढे मोजता येत नाही.”

“ही चूक नेहमी करता?”

“नाही. पहिल्यांदाच... सुचली.”

त्यानं सगळं पुसून नव्यानं मांडलं. कॉफी मागवली. मी ती इतकी फुंकली की थंड झाली.

त्यानंतर डिस्क बिनतक्रार चालली. एखादं यंत्र इतकं दुष्टपणे वागू शकतं, हे मला माहीत नव्हतं. दिवसभर परक्या नवरदेवांचे चेहरे उजळत बसायचं, आणि प्रत्येकाच्या खिशावर नाव शोधायचं...

मग अप्पांनी सांगितलं, रविवारी तिरुनेलवेलीहून मुलगा तुला बघायला येतोय. वेंकटेशन. बँकेत आहे.

शनिवारी मी स्वतःच डिस्कचं अक्षर काढायला घेतलं. कॉम्प्युटरनं विचारलं – या अक्षराच्या भरवशावर चाललेल्या काही गोष्टी बंद पडतील. पुढे जायचं? बाहेर अप्पा मोठ्यानं पेपर वाचत होते. ऐकणारी मी एकटीच. मी ‘हो’ दाबलं.

“परत दिसत नाही,” मी काउंटरवर डिस्क ठेवली.

त्यानं पाहिलं. “अक्षर आपोआप जात नाही, पोन्नी. कुणीतरी काढावं लागतं.”

‘मॅडम’ कुठे गेली, बिलावरचं नाव कधी पाठ झालं, मी विचारलं नाही.

“माझंही काढायला येतायत. उद्या. व्ही लावायचं म्हणतात.”

लग्नानंतर मुलीचं वडिलांचं अक्षर जातं आणि नवऱ्याचं येतं, हे तमिळ माणसाला समजावावं लागत नाही. त्यानं अक्षरांची यादी उघडली. बाण डीवरून निघाला... ई, एफ, जी...

“व्ही फार खाली आहे,” तो म्हणाला. “त्याच्या आधी के येतं.”

बाण केवर येऊन थांबला.

“दाबा ना.”

“तुमच्या अप्पांना विचारायला हवं.”

“मग उद्या या. तिरुनेलवेलीची गाडी पोचायच्या आत.”

“येतो... पण त्यांना हाक काय मारू? अण्णा?”

“खबरदार,” मी म्हटलं. “मामा म्हणा. सासऱ्याला तीच हाक मारतात, सवय आत्तापासून लागलेली बरी.”

टक्. डिस्क दिसायला लागली.