रात्रीचा उपसा

दार लोटून घ्या रे, आणि हसायचं नाही. ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची, दाजींची. दाजी थापा मारणाऱ्यातले नव्हेत. उलट दुसऱ्याची थाप पकडण्यात त्यांचा हातखंडा.

दाजी त्यांच्या इमारतीचे सेक्रेटरी. खाली पार्किंग, त्याच्या कोपऱ्यात बोअर. गेल्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या बोअर एकेक करून आटल्या. आपलीही जाईल या धास्तीनं दाजींनी बैठक घेतली आणि ठरवलं, रात्री मोटार बंद. जमिनीला जरा दम खाऊ द्यायचा, झरे भरून येऊ द्यायचे. मोटारीच्या खोलीची किल्ली दाजींच्या उशाखाली. तरी सकाळी मोजावं, तर पाणी आदल्या रात्रीपेक्षा खालीच!

दाजींचा संशय लाँड्रीवाल्यावर. त्याचं दुकान इमारतीच्याच गाळ्यात, बोअरला अगदी लागून.

"ढीगभर चादरी धुतो. पाणी येतं कुठून त्याला?" ते ताईला म्हणत.

"अहो, डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाच्या पोटावर पाय देऊ नका," ताई म्हणायची.

पण सोमवारी त्याला दुकान खाली करायला सांगायचं, हे दाजींनी मनाशी पक्कं केलं होतं. फक्त एकदा रंगेहाथ पकडायचा.

मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारची रात्र. दाजी विजेरी आणि मोजपट्टी घेऊन खाली उतरले. पट्टीच्या टोकाला शिशाचं वजन. ते पाण्याला टेकलं की हाताला कळतं. बोअरचं झाकण सरकवून ते पट्टी आत सोडू लागले, तोच खांबाआड कुणीतरी हललं.

लाँड्रीवाला!

"सापडलास!" दाजी गरजले.

"मी? अहो, सापडलात तुम्ही! रोज रात्री पाणी उपसल्याचा आवाज येतो मला. किल्ली कुणाकडे? तुमच्याकडे. म्हटलं, सेक्रेटरीसाहेबच पाणी विकतात की काय, बघावं."

"जीभ सांभाळ! मोटार बंद आहे. खोलीला कुलूप आहे."

"मोटारीचा नाही हो..." त्याचा आवाज उतरला. "बादलीचा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. हा बनवतोय मला, असं दोघांच्याही मनात.

मग तो आवाज आला.

पायाखालून. फरशीच्या खालून. छपाक्... आणि काहीतरी जड, हळूहळू वर ओढल्यासारखं.

"इथं विहीर होती," लाँड्रीवाला पुटपुटला. "इमारत बांधताना राडारोडा टाकून बुजवली. भरलेली होती हो... पाण्यानं भरलेली..."

"गप्प बस."

छपाक्. या वेळी जवळ. बोअरच्या आत.

दाजींच्या हातातली पट्टी सैल पडली. खालून कुणी वजन तळहातावर झेललं असावं, तशी.

मग ताणली गेली.

"सोडा..."

दाजींनी सोडली नाही. अजूनही त्यांना वाटत होतं, यात कुणाची तरी लबाडी असणार. त्यांनी पट्टी वर ओढली.

खालून... तेवढ्याच जोरानं... ओढली गेली.

"सोडा हो!"

सोडली.

सबंध पट्टी सरसरत आत गेली. दोघं कान देऊन उभे. पाण्यात पडल्याचा आवाज...

आलाच नाही.

उजाडेपर्यंत दोघं लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाला पाठ लावून बसले होते. सोमवारी दाजींनी दुकानाचा विषय काढला नाही. काढला तो पार्किंगचा. विहिरीच्या जागेवरची फरशी फोडून घेतली, खाली खडी-वाळू भरली आणि पावसाळ्याच्या आत गच्चीवरचं पाणी पाइपानं तिथं सोडायची सोय केली. सभासदांनी कुरकुर केली. दाजी ऐकेनात. त्या पावसाळ्यापासून सकाळी मोजलेलं पाणी कधी खाली गेलं नाही.

बोअरला नवं झाकण बसवायला फिटर आला, तेव्हा मी तिथंच होतो. तो वाकला आणि थांबला.

"हा बोअरचा पाइप किती जुना?"

"तीन वर्षं," दाजी म्हणाले.

फिटरनं माझा हात धरून पाइपाच्या तोंडाच्या आतल्या कडेवर ठेवला. जाड लोखंड. आणि त्यात खाचा. एकीशेजारी एक, गुळगुळीत... जुन्या विहिरीच्या दगडी काठावर पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून पडतात ना, तशा.

बोट मावतं त्यांत.