गाळलेले ठिपके

तारे अभ्यासायला दुर्बीण लागत नाही, ब्राउझर पुरे, हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की मुलं माझी नक्कल करतात. ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख पडद्यावर उघडायचा, चुकार ठिपके गाळायचे. लिंक दिली तर दुसरं कुणीही त्याच आलेखावर काम करू शकतं.

त्या दुपारी मी जठारपेठेतल्या घरी हेच करत बसले होते. शेजारी खाटेवर बाबा. छातीच्या दुखण्यातून नुकतेच दवाखान्यातून सुटलेले, त्यामुळे मी त्यांच्यापासून हलत नव्हते. खिडकीला ओल्या वाळ्याची ताटी, खोलीत अंधार आणि तो ओला वास. बाहेर उन्हात चिटपाखरू नाही.

लाइन गेली. कूलर थांबला, लॅपटॉप बॅटरीवर आणि मोबाइलच्या नेटवर चालूच राहिला, आणि बाबांचं घोरणं तेवढं ऐकू येऊ लागलं.

रांग सोडून वर उडालेला एक ठिपका मी चौकटीत घेतला आणि गाळला. घोरणं थांबलं. क्षणभरानं पुन्हा सुरू झालं. दुसरा गाळला. पुन्हा तेच, या वेळी जरा जास्त वेळ.

मी विज्ञानाची बाई, योगायोग म्हणून मोकळी झाले. पण नजर सारखी बाबांच्या छातीकडे जात होती, आणि त्याचाच मला राग आला. स्वतःची भीती खोटी पाडायची म्हणून उरलेले सगळे चुकार ठिपके एकदम गाळले.

खोली गप्प झाली.

"प्रिया..." स्वयंपाकघरातून आई आली. "तुझे बाबा काहून गप झाले वं?"

बाबांचे ओठ निळे पडत होते. मी वेड्यासारखी 'पूर्ववत'चं बटण दाबत सुटले. ठिपके एकेक करून परत आले. शेवटचा आला तसा बाबांनी मोठा श्वास ओढला. डोळे मिटलेलेच होते.

"प्रिये... आता नको पुसू. मी लय दूर जाऊन राहिलो होतो..."

आता ते बरे आहेत, कचोरी मागतात, आईशी भांडतात. तो आलेख मात्र मी बंद केलेला नाही. लॅपटॉप कायम चार्जिंगला असतो. आई चिडते, भाऊ हसतो. हसू दे.

लिंक मी कुणालाच दिलेली नाही. तरी आज त्या पानावर ओळ आलीय : 'इथे आता दोघे काम करत आहेत.'

माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. आलेखाच्या कोपऱ्यातून एक चौकट उघडतेय, सावकाश, सगळेच ठिपके कवेत घेत...

आतल्या खोलीतून बाबांचं घोरणं ऐकू येतंय. अजून तरी.