गटाबाहेरचं कौतुक

मुशब्बकच्या, म्हणजे जिलेबीसारख्या मिठाईच्या, दुकानापुढच्या रांगेत लमीसने आधी तो हात पाहिला, माणूस नंतर.

डाव्या अंगठ्याचं नख अर्धवट, मनगटावर पटाशीचा जुना व्रण, बोटांच्या पेरांत डांबराचा काळेपणा. नुसतं चाचपून फळीचा बाक ओळखणारा हात. वर्षभर ती त्याला मोबाइलवर होड्या बांधताना पाहत आली होती. चेहरा त्याने कधी दाखवला नव्हता... आणि चेहराही काही वाईट नव्हता, हे तिला आत्ता कळलं.

"तुम्ही... होड्यांचे मुआझ ना?"

तो वळला आणि पार लाजला. "आणि तुम्ही खुर्च्यांच्या लमीस. आज काय कोरलंत?"

तेवढ्यात समुद्राकडून पावसाची सर आली आणि अख्खी रांग दुकानाच्या ताडपत्रीखाली दाटली. दोघांमध्ये वीतभरसुद्धा अंतर उरलं नाही.

"गुलाब. पण तो शेवटचाच. आज व्हिडिओ टाकते आणि पेज बंद करते."

"का बरं?"

"पूर्वी लाखभर माणसं बघायची. आता रीच इतकी पडलीय, की एक मावशी आणि दोन आत्या बघतात. त्यातली एक आत्या चष्मा विसरते." ती हसली, पण डोळ्यांत पाणी आलंच. "दिवसदिवस खपून कोरायचं आणि ते कुणापर्यंत पोचतच नाही. चांगलं होतं की नाही, तेही आता कळेनासं झालंय."

इजिप्तमधल्या त्यांच्या दमिएत्ता शहराच्या कारागिरांनी यावर उपाय म्हणून एक गट काढला होता. प्रत्येकाने प्रत्येकाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा आणि खाली दोन गोड शब्द लिहायचे, हा त्याचा नियम. गेल्या महिन्यात तो गटही मोडला. मुआझचे शब्द सगळ्यांत देखणे असायचे. 'लाकडाची रेघ न तोडता पाकळीत वळवलीत, हे मला जन्मात जमणार नाही,' असं काहीबाही. वाचून लमीस दिवसभर हवेत असायची, आणि मग स्वतःलाच दटावायची, की नियमच आहे बाई, लिहिणारच तो.

"तुम्ही मात्र नियम छान पाळलात," ती म्हणाली.

"कुठला?"

"गटाचा."

"गट मी पहिल्याच आठवड्यात सोडला. सगळ्यांना ऊठसूट वाहवा म्हणायचं, जमेना मला. मला तर... एकीलाच म्हणायचं होतं."

वर्षभराची त्याची एकेक ओळ लमीसला आठवत गेली, आणि आता ती सगळी तिची होती. कुणी भीक घातल्यासारखी नाही, हक्काची. तिला फार फार बरं वाटलं.

"एक विचारू?" तो हलकेच म्हणाला. केव्हा तो अरेतुरेवर आला, दोघांनाही कळलं नाही. "मी गटात नव्हतोच. मग माझे व्हिडिओ शेवटपर्यंत बघायची सक्ती तुझ्यावर कुणी केली?"

तो गटात नाही, हे वर्षभरात तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बाळ, अर्धा किलो की एक?" गल्ल्यावरून दुकानदार अम्मो सबरींनी विचारलं. "की आधी लग्नाचं ठरवताय?"

"एक," लमीस घाईने म्हणाली. कान लालबुंद झाले होते.

पुडा उघडून तिने त्याच्यापुढे धरला आणि मान खाली घालून म्हणाली, "मला तुझे हात आवडतात. कधीपासून... आता बाकीचाही आवडायला लागलास."

तिने गरम वेटोळं उचललं, डोळे मिटले आणि फुंकर मारली.

"हेच," तो म्हणाला. "भुसा उडवतानाही आधी डोळे मिटतेस. प्रत्येक व्हिडिओत."

"तेवढं बारीक बघतोस?"

"त्यासाठीच बघतो."

पाऊस थांबला होता. रांग पांगली, तरी दोघं ताडपत्रीखालीच उभे होते.

"मग आजचा गुलाब शेवटचा ना?" त्याने विचारलं.

"नाही," लमीस म्हणाली. "उद्या तुझ्या होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर कोरते. मोबाइल तू धर."