चार नंबरचा भाचा

सलग तिसऱ्या दिवशी तो माणूस तिच्याकडे बघत बसला, तेव्हा मात्र तिचं डोकं सरकलं.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सिस्टर म्हणून तिला सहा वर्षं झाली होती. बघणारे तिला नवे नव्हते. कोणी सलाईन कधी संपेल म्हणून बघतं, कोणी डॉक्टर कधी येणार म्हणून बघतं, आणि एखादा... जाऊ दे. पण चार नंबरच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसलेला हा मास्तरांचा भाचा काही औरच होता. सडपातळ, चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर छोटीशी वही. मामांना पाणी हवंय, मामांची उशी सरकलीय, याला पत्ताच नाही. ती पाच नंबरला गेली की याची मान पाचकडे, अकरा नंबरला गेली की अकराकडे. आणि तिनं रोखून पाहिलं तरी पठ्ठ्याची नजर तिच्या नजरेला मिळायचीच नाही. खालीच कुठेतरी रेंगाळायची.

"ओ भाचेबुवा!" ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "मामांना बघायला येता की मला?"

त्याच्या हातातली वही खाली पडली. कान लालबुंद झाले. "मी... छे छे... तुमचा गैरसमज..."

"मास्तर, तुम्हीच सांगा. हे तुमच्या कुठल्या बहिणीचे चिरंजीव?"

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, मांडीचं हाड मोडून पडलेले चार नंबरचे पेशंट. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं आणि चक्क हात जोडले. "माफ करा हो, तीन दिवस निभावलं. पण पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून ओरडलोय, आता खोटं तोंडातून निघतच नाही. सिस्टर, मला बहीणच नाही. भाचा आणू कुठून?"

पाच नंबरचा पेशंट टाके धरून हसला. तिनं वाकून वही उचलली. आत पानंच्या पानं नुसत्या बरोबरच्या खुणा, मधे मधे फुल्या. "ही काय भानगड आहे?"

"जरा बेसिनपाशी येता का? सांगतो... पण हळू बोला, प्लीज."

बेसिनपाशी त्यानं सांगितलं. तो याच हॉस्पिटलच्या गुणवत्ता विभागात नवीन लागला होता. पेशंटला हात लावायच्या आधी आणि लावल्यावर कोण हात धुतं आणि कोण धुत नाही, ते बसून मोजायचं, हे त्याचं काम. पहिले तीन दिवस गुपचूप, कारण मोजतायत म्हटल्यावर सगळेच दाखवण्यापुरते हात धुणार. सोमवारपासून महिनाभर उघडपणे.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता?"

"नाही. हातांकडे बघत होतो."

"फक्त?"

"नियम... तसा आहे."

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगा, थोडंसं हिरमुसल्यासारखंच झालं तिला. "मग? काय म्हणतात माझे हात?"

त्यानं वही उघडली. "तीन दिवसांत दोनशे सोळा वेळा धुवायची वेळ आली. दोनशे सोळा वेळा धुतले." मग चष्मा वर सरकवून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "असे हात मी पाहिले नव्हते."

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. ती फिरून कामाला लागली, पण गालातलं हसू काही तिला आवरेना.

सोमवारपासून तो गळ्यात ओळखपत्र घालून राजरोस बसू लागला, तरी वॉर्डानं त्याचं नाव भाचाच ठेवलं. सफाईच्या मावशी विचारायच्या, "भाचा आला का?" आणि मास्तर तर हक्कानं त्याच्याकडून रोजचं वर्तमानपत्र वाचून घ्यायचे.

"आज किती, भाचेबुवा?" ती जाता जाता विचारायची.

"साठपैकी साठ."

"आणि बाकीच्यांचे?"

"ते गुप्त असतं."

"अस्सं! आणि माझं गुप्त नाही?"

"तुमच्यात लपवण्यासारखं काही नाहीच, तर मी काय करू?"

एकदा तिच्या टेबलावर मलमाची एक ट्यूब येऊन पडली. सोबत चिठ्ठी, बारीक नीटस अक्षरात — 'तुमच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. भेगांमध्ये जंतू राहतात. रोज दोनदा लावावे.' ती चिठ्ठी हातात धरून एकटीच खदखदून हसली. जन्मात आलेली पहिली चिठ्ठी, आणि तीत काय, तर जंतू! घरी आईला दाखवली, तर आईनं चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, "बाकी काही असो, माणूस स्वच्छ दिसतोय."

मलम मात्र तिनं रोज दोनदा लावलं.

कँटीनमध्ये चहा घेताना एकदा त्यानं विचारलं, "तुम्ही एवढ्या कटाक्षानं... म्हणजे, मुळात का?"

ती बराच वेळ कप नुसता फिरवत राहिली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी नऊ नंबरला एक आजी होत्या. ऑपरेशन झकास झालेलं. आठ दिवसांत घरी जायच्या होत्या. जखम चिघळली, पू झाला, सत्तेचाळीस दिवस राहिल्या. उठताना एवढ्या कळवळायच्या की..." ती थांबली. "आमचे मोठे डॉक्टर आहेत ना, देवमाणूस. सगळ्यांना हसवतात. ते आठ नंबरची पू झालेली जखम बघून तसेच आजींकडे गेले होते. हात न धुता. मी ट्रे घेऊन शेजारीच उभी होते. मी पाहिलं, आणि बोलले नाही. एवढ्या चांगल्या माणसाला टोकायचं कसं, म्हणून गप्प बसले."

 त्यानं तिचा गार झालेला चहा बाजूला सरकवून नवा गरम कप आणून पुढे ठेवला.

"म्हणून मला ती जागा हवीय," ती म्हणाली. जागा कुठली, ते हॉस्पिटलभर माहीत होतं. सगळ्या वॉर्डांत फिरून जंतुसंसर्ग रोखणारी एक सिस्टर नेमायची होती, आणि अधीक्षक मॅडमनी जाहीर केलं होतं की महिनाअखेरीला ज्या वॉर्डाची हात धुण्याची नोंद सगळ्यांत चांगली, त्या वॉर्डानं आपली सिस्टर द्यायची. शस्त्रक्रियेच्या वॉर्डानं एकमतानं हिचंच नाव ठरवलं होतं.

"मिळेल तुम्हाला," तो म्हणाला. "वहीवर विश्वास आहे ना माझ्या?"

"तुमच्या वहीवर? डोळे मिटून."

आणि मग तो गुरुवार आला.

आठ नंबरचं ड्रेसिंग नुकतं संपलं होतं. हातमोजे काढून ती बेसिनकडे निघाली, तेवढ्यात नऊ नंबरचे आजोबा सलाईनसकट उठून उभे राहिले आणि झोकांडी गेली त्यांची. ती धावली. कमरेत धरून त्यांना बसवलं, सुटत आलेली सलाईनची सुई दाबून धरली, पोटावरची पट्टी नीट केली. सगळं त्याच हातांनी. आजोबा पडले नाहीत. सगळे म्हणाले, वा सिस्टर! पण तिची नजर स्वतःच्या हातांवर गेली. आधार द्यायला धावली ते ठीक. पण बसवल्यावर, सुईला आणि पट्टीला हात लावायच्या आधी धुवायला हवे होते. नाही धुतले. तिनं समोर पाहिलं. तो स्टुलावर ताठ बसला होता, पेन हवेत थांबलं होतं. नक्की पाहिलं होतं त्यानं.

लिहू दे फुली, तिनं मनाशी म्हटलं. लिहायलाच हवी. त्या दिवसापासून ती आजोबांचा ताप दिवसातून सहा वेळा बघायची. नशीब, काही झालं नाही.

महिना संपला. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी तक्ता लागला. शस्त्रक्रियेचा वॉर्ड पहिला! लहान मुलांच्या वॉर्डाला त्यांनी केसभर फरकानं मागे टाकलं होतं; एकच फुली जास्त असती तर क्रमांक गेला असता. मावशींनी तिला मिठी मारली, मास्तर काठी आपटून "शाब्बास!" म्हणून ओरडले. ती मात्र प्रत्येकीला वेगळ्या मिळालेल्या आपल्या नोंदीच्या कागदावरून बोट फिरवत होती. गुरुवार. बरोबर, बरोबर, बरोबर. फुली कुठेच नव्हती.

तिनं त्याला जिन्याच्या वळणावर गाठलं. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे तिथे रचून ठेवलेले असत, साबणाचा ओलसर वास येई.

"गुरुवार. नऊ नंबर."

त्यानं मान खाली घातली.

"पाहिलं होतंत ना?"

"हो."

"मग?"

"ते आजोबा पडत होते. तुम्ही थांबला असतात तर—"

"पकडल्यानंतरचं विचारतेय मी. लिहिलं का नाहीत?"

"पेन टेकवलंच होतं. पण तुमची ओळ होती..." तो अडखळला. "एका फुलीनं तुमची जागा गेली असती. आणि मला... मला तुम्ही फार आवडता. महिनाभर दुसरं काही सुचत नाहीये. हे असं सांगायचं नव्हतं... पण आहे हे असं आहे."

आता दुसरी एखादी असती तर विरघळली असती. हिलाही ते ऐकून गोड वाटलंच. पण त्या गोडव्याच्या वर संताप चढला.

"मला मोठे डॉक्टर आवडायचे म्हणून मी गप्प बसले होते," ती म्हणाली.  "सत्तेचाळीस दिवस भोगलं त्या आजींनी. आणि तुम्ही आज माझ्यासाठी तेच केलंत. मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता हो तुमच्या वहीवर!"

डोळे पुसत ती जिना चढून गेली. तो गठ्ठ्यांशेजारी तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. अधीक्षक मॅडमनी कागद उचलला, "तर पहिला क्रमांक—" आणि एकाच क्षणी दोन माणसं उभी राहिली. पुढच्या रांगेत ती, मागच्या रांगेत तो.

"मॅडम, तक्ता चुकीचा आहे," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक, पण आवाज स्वच्छ. "चुकून नाही. मी एक फुली जाणूनबुजून लिहिली नाही. दोष माझा."

"आणि ती फुली माझी आहे," ती म्हणाली.

खाली कुजबुज सुरू झाली. मॅडमनी चष्मा काढला. "सिस्टर, तुम्ही? तुमचे हात चुकले?"

"चुकले, मॅडम. का चुकले तेही बघितलंय मी. बेसिन दाराशी आहे. नऊ नंबरपासून सत्तावीस पावलं. मी मोजलीत. पेशंट पडतोय आणि हात सत्तावीस पावलांवर धुवायचे, हे रोज कुणाला तरी चुकणारच. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी हातावर चोळायच्या औषधाची एक बाटली टांगा. मग चुकले तर खुशाल मला धरा."

कुजबुज थांबली. मग सावकाश मोठे डॉक्टर उठले. त्यांना कधी कुणी एवढं गंभीर पाहिलं नव्हतं. "बाटल्या टांगाच," ते म्हणाले. "आणि आणखी एक. मागच्या वर्षी नऊ नंबरच्या आजींची जखम माझ्याच हातांनी चिघळली असणार, हे मला आतून ठाऊक आहे. मला कुणी टोकलं नाही, कारण मी सगळ्यांचा लाडका. तर आजपासून टोका. सिस्टर, सगळ्यांत आधी तुम्ही टोका."

टाळ्या कुणी सुरू केल्या कोण जाणे. त्या टाळ्यांत ताठ मानेनं उभं असताना तिनं एकदाच मागे वळून पाहिलं. तोही उभाच होता, आणि तिला त्याचा अभिमान वाटला. अगदी भरून आल्यासारखा वाटला.

जागा मात्र गेली. लहान मुलांच्या वॉर्डाच्या सिस्टरला मिळाली, आणि रीतसर मिळाली. हिनंच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्याला मोजणीवरून काढून तीन महिने औषधांच्या गोदामात पाठवलं. तिथे तो बाटल्यांवरच्या तारखा तपासत बसला. भेटायला आला नाही. मलमाची ट्यूब संपली तरी तिनं ती टाकली नाही, एवढं आईच्या लक्षात आलं होतं.

वॉर्डात मात्र प्रत्येक पलंगाशी बाटली आली. पहिल्याच आठवड्यात तिनं मोठ्या डॉक्टरांना तीनदा टोकलं, दुसऱ्यात एकदा. नंतर तेच हात चोळत म्हणायचे, "बघा सिस्टर, बघा!" दाराशी एक फळा लागला. त्यावर ती रोज सकाळी आकडा लिहायची — जखम न चिघळलेले सलग दिवस. दहा. एकतीस. साठ.

ज्या सकाळी तिनं नव्वद लिहिलं, त्याच सकाळी मास्तर तपासणीला आले. काठी टेकत, रुबाबात. आणि त्यांना हाताला धरून...

"ओळख करून देतो, सिस्टर," मास्तर म्हणाले. "हा माझा भाचा. बहीण नाही, पण भाचा आहे. आता हे खोटं नाही बरं का, गेले तीन महिने दर रविवारी घरी येऊन पेपर वाचून दाखवतो." आणि मग, पाय एवढा बरा झालेला असताना, ते फारच सावकाश चालत दुसऱ्या टोकाला निघून गेले.

तो फळ्याकडे बघत होता. नव्वद. "तुम्ही केलंत हे," तो म्हणाला.

"वॉर्डानं केलं." मग हलक्या आवाजात, "तुम्ही त्या दिवशी उभे राहिलात म्हणून झालं."

"मी परत मोजणीवर येतोय सोमवारपासून. दुसऱ्या वॉर्डात. मीच सांगितलं मॅडमना, या वॉर्डात मला बसवू नका. इथली एक ओळ मला नीट तपासता येणार नाही." त्यानं चष्मा वर सरकवला. "आता ते लपवायचं नाहीये मला. तर... चालेल का तुम्हाला?"

आणि त्यानं हात पुढे केला.

तिनं त्या हाताकडे पाहिलं. मग भुवई उंचावून चार नंबरच्या पायथ्याशी टांगलेल्या बाटलीकडे बोट दाखवलं. "आधी हात."

तो हसला. औषध घेतलं, तळवे चोळले, बोटांमधल्या फटी, अंगठे, नखांची टोकं, एकही जागा सोडली नाही. ती शेजारी उभी राहून मोजत होती, "...अठरा... एकोणीस... वीस." पाच नंबरचा नवा पेशंट, मावशी, मास्तर, सगळे श्वास रोखून बघत होते.

"अशा टक लावून काय बघताय, सिस्टर?" त्यानं विचारलं.

"हात बघतेय."

"फक्त?"

"नाही," ती म्हणाली, आणि आपलेही दोन्ही हात त्याच औषधानं चोळून त्याच्या हातात दिले.